घरासाठी रंग, लाकूड आणि कापड निवडताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

घराचे नूतनीकरण काढले की बहुतेक ठिकाणी खरेदीचा क्रम उलटा लागतो. आधी पडद्यांचे कापड पसंत पडते, मग त्याला जुळणारा रंग शेड-कार्डावर शोधला जातो, त्यानंतर सुतार ठरतो आणि भिंतीतली ओल सगळ्यात शेवटी आठवते. या क्रमाने घेतलेली वस्तू ‘पर्यावरणस्नेही’ असली तरी ती टिकत नाही. ओल्या भिंतीवर दिलेला उत्तम दर्जाचा, कमी वासाचा रंग दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे धरतो, तो खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो आणि एका घरासाठी दोन घरांचा रंग खर्ची पडतो. म्हणून पुढचा क्रम दुकानाच्या सोयीने न लावता घराच्या गरजेने लावला आहे: आधी असलेल्या वस्तू, मग ओल, मग लाकूड, मग रंग आणि सर्वांत शेवटी कापड. आठ-दहा वर्षे जुन्या, दोन शयनगृहांच्या सदनिकेचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले आहे. कोकणपट्टी आणि मुंबईच्या दमट हवेसाठी जिथे फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

पायरी १: घरात आहे त्याची यादी

एका वहीत खोलीवार यादी करून प्रत्येक वस्तूपुढे ‘ठेवायची’, ‘दुरुस्त करायची’ किंवा ‘द्यायची’ यांपैकी एक शब्द लिहावा. या कामाला एक रविवार पुरतो आणि खरेदीची यादी हमखास आखूड होते.

सोफा टाकण्याआधी त्याचा सांगाडा तपासावा. पुढचा एक पाय वीतभर उचलला असता दुसरा पुढचा पायही लगेच वर आला, तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीवरच राहिला, तर सांधे सैल झाले आहेत. सांगाडा घट्ट असेल तर फक्त फोम आणि वरचे कापड बदलावे. लोखंडी कपाटाचा गंज घासून त्याला प्रायमर आणि रंग दिला की ते आणखी पंधरा-वीस वर्षे काम देते. कापसाची गादी कडक झाली म्हणून फेकू नये, तिच्यातला कापूस पिंजून नव्या खोळीत भरून घ्यावा. पिंजणाऱ्याला गादी दारातच, आपल्यासमोर उकलायला सांगावे, कारण गाठी झालेला कापूस किती आणि चांगला किती हे तेव्हाच दिसते.

घरात पॉलिस्टरचे पडदे असतील आणि ते धड असतील, तर केवळ सुती आणायचे म्हणून ते काढून टाकू नयेत. वापरातली वस्तू कचऱ्यात घालून तिच्या जागी नवी आणण्यात पर्यावरणाचा फायदा काहीच नाही.

पायरी २: ओल शोधणे आणि भिंत वाळू देणे

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वाधिक पैसे इथेच वाचतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

ओलीची तपासणी पाऊस सरत असताना करावी. संशय असलेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट आकाराचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर खोलीतली हवाच दमट आहे आणि तिथे वायुवीजन वाढवणे हा उपाय आहे. दोन्हींचे डाग सारखेच दिसत असले तरी दुरुस्ती अगदी वेगळी आहे.

पाणी भिंतीतून येत असेल तर उगम शोधावा: बाहेरच्या गिलाव्यातली भेग, न्हाणीघराच्या फरशीचे सांधे, गळका पाइप किंवा वरची गच्ची. गृहनिर्माण सोसायटीत बाहेरची भिंत आणि गच्ची यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, म्हणून तिथे लेखी अर्ज करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत आतल्या रंगाला हात लावू नये. आतून जलरोधक लेप मारून ओल दाबण्याचा सल्ला ठेकेदार हमखास देतात. अशाने पाणी थांबत नाही, ते बाजूला सरकते आणि दोन वर्षांनी शेजारच्या भिंतीवर पांढरा खार फुटतो.

> थांबा: नवा गिलावा केला असेल तर त्यावर पाणी मारण्याचे दिवस धरून निदान २८ दिवस जाऊ द्यावेत. गिलावा वरून पांढरट दिसला म्हणजे आतून वाळला असे होत नाही.

आता दिवाळीचा प्रश्न. मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो आणि दिवाळी त्यानंतर काही आठवड्यांतच येते. भिंती चार महिने पाणी पिऊन बसलेल्या असतात, रंगारी तीन ठिकाणी एकदम कामे घेतो आणि पहिला हात वाळण्याआधी दुसरा चढतो. दिवाळीच्या तोंडावर घर रंगवण्याची आपली पद्धत रंगाच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत वाईट वेळ निवडते, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीला झाडलोट, आवराआवर करावी आणि रंगकाम जानेवारी ते मार्च या काळात काढावे. त्या दिवसांत भिंती कोरड्या असतात, खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि मजुरीतही घासाघीस होते.

पायरी ३: लाकूड आणि प्लाय

सुतारकाम रंगाच्या शेवटच्या हाताआधी संपले पाहिजे, कारण भुसा ओल्या रंगावर बसतो आणि कपाटे सरकवताना भिंतींना ओरखडे पडतात. म्हणून लाकडाचा निर्णय आधी घ्यावा.

*जुने सागवान.* पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, दारे आणि चौकटी जुन्या बाजारात आणि लाकडाच्या वखारीत मिळतात. हे लाकूड अनेक दशके वाळलेले असते, त्यामुळे ते पुन्हा फारसे वाकत किंवा फाटत नाही, आणि त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. मात्र घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पृष्ठभागावरून चुंबक फिरवून आत तुटलेले खिळे आहेत का ते शोधावे, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच फळीत जाते. दुसरी, टोकाकडून पाहावे: गडद तपकिरी भाग हा गाभा आहे आणि कडेचा फिकट, पांढुरका भाग वाळवीला लवकर बळी पडतो, सागवान म्हणून पैसे गाभ्याचेच द्यावेत. तिसरी, जुन्या रंगाचे थर असतील तर त्यांबद्दलचा पुढचा इशारा वाचावा.

> इशारा: घरगुती रंगांमध्ये शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ही आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः दारे-खिडक्या आणि ग्रिलवरच्या ऑइल पेंटमध्ये, शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. असा रंग कोरडा घासू नये किंवा ज्योतीने जाळू नये. पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरने घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, चांगला मास्क वापरावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत घरात ठेवू नये.

*नवे लाकूड.* नवे सागवान घ्यायचे तर परवानाधारक वखारीतून, पक्क्या बिलासह घ्यावे. विदर्भातल्या जंगलांचे सागवान बाजारात ‘सीपी टीक’ या नावाने ओळखले जाते आणि त्याच नावाखाली आयात केलेले, लवकर वाढवलेले सागवानही खपवले जाते, म्हणून वार्षिक कडी किती जवळजवळ आहेत ते टोकाकडून पाहावे. सगळे काही सागवानातच केले पाहिजे असे नाही. फणसाचे लाकूड टिकाऊ असते आणि कोकणात सहज मिळते. ऐन आणि किंजळ घरबांधणीत वापरली जातात. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि देखणे असते, पण त्याला भुंगा लवकर लागतो, तेव्हा प्रक्रिया केलेले नसेल तर ते घेऊ नये. कोणतेही लाकूड आणल्यावर फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, ज्या खोलीत ते बसणार आहे तिथेच दोन-तीन आठवडे रचून ठेवावे. या एका गोष्टीत घाई झाली की उन्हाळ्यात दाराच्या चौकटीत बोटभर फट पडते.

*बांबू आणि वेत.* बांबूत पिष्टमय पदार्थ असतो आणि कीड त्यासाठीच येते. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला, तीन-चार वर्षांचा पक्व बांबूच घ्यावा. सिंधुदुर्गातला माणगा बांबू भरीव असल्याने फर्निचरला चांगला पडतो. विक्रेत्याकडची तयार खुर्ची उचलून पाहावी आणि तिच्याखालची जमीन पाहावी; पिठासारखी पिवळसर पूड पडलेली दिसली तर आत कीड चालू आहे.

*प्लाय.* व्यवहारात बहुतेक कपाटे प्लायचीच होतात आणि फसवणूकही इथेच अधिक होते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळ आय.एस. ७१० या मानकाचे प्लाय वापरावे. या मानकात प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे अशी अट आहे. कोरड्या खोल्यांत आय.एस. ३०३ चे प्लाय पुरते. आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून कंपनीचे नाव आणि मानक जुळते का ते पाहावे. आमच्या घरी मागच्या कामात शिक्का होता, बिल होते, दुकानदाराची ग्वाहीही होती. तरी सुताराने कापलेला हातभर तुकडा मी पातेल्यात टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळला. चार वाजता त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटे झाले आणि पाण्यावर चिकट, पिवळसर तवंग आला. उरलेले बारा शीट परत गेले. तेव्हापासून प्लायचा पहिला शीट आला की आधी तुकडा उकळायचा आणि मगच बाकीचा माल उतरवून घ्यायचा, हा नियम मी सोडलेला नाही.

प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा वायू महिनोन्महिने बाहेर पडत असतो. त्यासाठी उत्सर्जनाचा वर्ग विचारावा: ई-१ किमान हवा, ई-० असल्यास उत्तम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कडा आणि मागची बाजू उघडी सोडू नये. पुढून लॅमिनेट आणि मागे कोरे प्लाय असे कपाट भिंतीला लागले की वायूही तिथूनच येतो आणि ओलही तिथूनच शिरते.

> तपासणी: आपल्या घरात फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. जमिनीला टेकलेले एमडीएफचे कपाट दोन वर्षांत खालून फुगते. कपाटे चार इंच पायांवर उचलून घ्यावीत, सिंकखालच्या कप्प्याला कडप्पा किंवा ग्रॅनाइटच्या उभ्या पट्ट्या वापराव्यात आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवावे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी खिळे आणि डिंकाने जोडलेले फर्निचर टाळून नटबोल्टने सुटे होणारे घ्यावे. टेम्पोत चढताना मोडलेले कपाट पुन्हा उभे राहत नाही.

पायरी ४: लाकडावरचा शेवटचा हात

मेलामाइन पॉलिश झटपट वाळते आणि सुतार तेच सुचवतो, परंतु त्याचा वास आणि वाफा अनेक दिवस रेंगाळतात. त्याऐवजी पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन), चपड्याचे म्हणजे लाखेचे पॉलिश किंवा जवसाचे तेल वापरता येते. चपड्यावर गरम भांड्याचे पांढरे डाग पडतात, तेव्हा तो जेवणाच्या टेबलाला लावू नये. जवसाचे तेल दोन-तीन पातळ हातांत द्यावे आणि प्रत्येक हातानंतर वरचे तेल पुसून घ्यावे. जाड थर महिनाभर चिकट राहतो.

> इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असे ढीग आपोआप पेट घेतात. बोळे एकेक पसरून बाहेर मोकळ्या हवेत वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

पायरी ५: भिंतीचा रंग

डब्यावर तीन गोष्टी वाचाव्यात: शिसे नसल्याचा उल्लेख, व्हीओसीचे (रंगातून हवेत उडणाऱ्या रसायनांचे) प्रमाण आणि दोन हातांत एका लिटरला किती चौरस फूट होते तो आकडा. आतल्या मॅट रंगासाठी व्हीओसी लिटरमागे ५० ग्रॅमपेक्षा कमी असावे. ‘वासरहित’ हा शब्द या आकड्याची जागा घेऊ शकत नाही, कारण वास झाकणारे सुगंधही असतात. शिवाय आकडा पांढऱ्या मूळ रंगाचा असतो. दुकानातल्या यंत्रात गडद छटा मिसळताना जी रंगद्रव्ये पडतात, त्यांतही व्हीओसी असू शकते. म्हणून शयनगृहाला फिकट छटा द्यावी.

मग हिशेब करावा. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरली तर भिंती ४४० चौरस फूट होतात. दार आणि खिडकीचे सुमारे ४० वजा केले की ४०० उरतात. डब्यावर लिटरला १२० चौरस फूट लिहिले असेल, तर साधारण साडेतीन लिटर, म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरतो. ठेकेदार दहा लिटरचा डबा सांगतो आणि उरलेला रंग कुठे जातो, हे कोणी विचारत नाही. तो मोरीत किंवा गटारात ओतू नये.

भिंतीवर आधीचे सुटलेले थर खरवडावेत, भेगा भराव्यात, प्रायमर द्यावा आणि पुट्टी फक्त खडबडीतपणा घालवण्यापुरती लावावी. वाकडी भिंत पुट्टीने सरळ करायला गेले की जाड थर सुटतो. ते काम गिलाव्याचे आहे.

*चुन्याचा पर्याय.* ज्यांची भिंत कोरी आहे, किंवा जिच्यावर आजवर चुनाच आहे, त्यांनी चुन्याची सफेदी गंभीरपणे विचारात घ्यावी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो आणि त्याच्या क्षारतेमुळे बुरशी सहसा धरत नाही. मात्र इमल्शन किंवा ऑइल पेंटवर तो धरत नाही, तिथे हट्ट करू नये.

कृतीचा क्रम असा. लोखंडी पिंपात पाणी घ्यावे आणि त्यात कळीचा चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि प्लॅस्टिकची बादली वापरू नये. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी लागते. निदान २४ तास, जमल्यास आठवडाभर मुरवून ते वस्त्रगाळ करावे आणि त्यात भिजवलेला डिंक मिसळावा. भिंत ओलसर करून पातळ, दुधासारखे हात द्यावेत. पहिला हात दिल्यावर भिंत जवळजवळ तशीच दिसते आणि इथेच सगळे चुकतात: ओला चुना पारदर्शक असतो, पांढरेपणा वाळल्यावर येतो. रंग चढत नाही असे समजून घट्ट चुना फासला की तो हाताला लागतो आणि पोपडे धरतो. तीन-चार पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस, एवढा धीर धरावा.

> तपासणी: पूर्ण वाळल्यावर काळ्या कापडाने भिंत हलकेच पुसावी. किंचित पूड लागणे स्वाभाविक आहे. कापड पांढरे झाले तर डिंक कमी पडला किंवा थर जाड झाला.

रंगकाम संपल्यावर निदान एक आठवडा खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मगच कापड घरात आणावे, कारण गाद्या आणि पडदे वास आणि धूळ धरून ठेवतात.

पायरी ६: कापड

कापडाच्या बाबतीत नावांना भुलू नये. ‘बांबूचे कापड’ म्हणून जे मऊ, चकचकीत कापड विकले जाते, ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढलेला असतो. हातमागाचे म्हणून यंत्रमागाचे कापड विकले जाते, तेव्हा ‘हँडलूम मार्क’ किंवा ‘खादी मार्क’ पाहावा. सेंद्रिय कापसासाठी ‘जीओटीएस’ चे प्रमाणपत्र असते. त्याच्या ‘ऑरगॅनिक’ या वर्गात निदान ९५ टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो.

धाग्याची खात्री ज्योतीवर होते. कडेचे दोन धागे ओढून चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ, करडी राख राहते; पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो; लोकर आणि रेशीम जळक्या केसांचा वास देतात. व्हिस्कोस मात्र सुतीसारखाच जळतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. रंगाची खात्री ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून करावी.

मोजमापाचे एक उदाहरण. खिडकी दीड मीटर रुंद असेल तर पडद्याला चुण्या पडण्यासाठी दुप्पट, म्हणजे तीन मीटर कापड आडवे लागते. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणजे साधारण १.२२ मीटर असेल, तर दोन पन्हे अपुरे पडतात आणि तीन घ्यावे लागतात. लांबी २.१५ मीटर, वरच्या-खालच्या दुमडीला ३० सेंटिमीटर आणि आटण्यासाठी पाच टक्के धरले की प्रत्येक पन्ह्याला २.६ मीटर, म्हणजे एकूण आठ मीटर कापड आणावे.

> थांबा: सुती कापड शिवण्याआधी धुवावे. नव्या कापडात खळ असते. ती निघाली की कापड आटते. हे ठाऊक असूनही एकदा मी कोऱ्या खादीचे पडदे थेट शिवायला टाकले होते. पहिल्या धुण्यानंतर ते जमिनीपासून चार बोटे वर लोंबू लागले आणि खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडावी लागली.

पश्चिमेच्या खिडकीतले ऊन सुती पडद्याला तीन-चार वर्षांत विरवते. त्याला मागून मांजरपाटाचे अस्तर सुटे लावावे. ऊन अस्तर खाते आणि बदलायचे ते अस्तरच. सोफ्याला ठोकून बसवलेल्या कापडापेक्षा चेन असलेल्या खोळी बऱ्या, आणि त्यांसाठी वीण घट्ट असावी: कापड उजेडाकडे धरून आरपार भोके दिसत असतील तर ते बैठकीला घेऊ नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जाड कापड आठवडाभर वाळत नाही आणि कुबट होते, म्हणून तिथे जाड ज्यूट आणि जाड सतरंज्या टाळून पातळ सुती कापड घ्यावे. देशावर घोंगडी किंवा सोलापुरी चादर बैठकीवर टाकली की वेगळे आवरण लागतच नाही. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्यांना तर पैसेही फारसे पडत नाहीत.

काम संपल्यावर उरलेल्या रंगाच्या डब्यावर खोलीचे नाव, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून झाकण ठोकून बंद करावे. प्रत्येक पडद्याच्या आणि खोळीच्या कापडाचा वीतभर तुकडा धुऊन वहीतल्या यादीला टाचून ठेवावा. पुढे ठिगळ लागले तर रंग जुळतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर प्लॅस्टिकचा तुकडा त्याच भिंतीवर पुन्हा चिकटवायचा आहे, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.